टिकाऊ आनंदासाठी स्वतःची नोंदवही: एक सविस्तर मार्गदर्शन

आनंदी राहण्याविषयीचे बहुतेक सल्ले खोटे नसतात. ते कोणाला लागू पडतील, एवढेच त्यांत सांगितलेले नसते. लवकर उठावे, चालायला जावे, माणसांत मिसळावे, मोबाईल दूर ठेवावा, या सगळ्यांत तथ्य आहे. तरीही नव्या उत्साहाने यांतल्या चार गोष्टी एकदम सुरू होतात आणि थोड्याच दिवसांत चारही बारगळतात. याला आळस कारणीभूत असतोच असे नाही. ज्याचा दिवस संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत बिघडतो, त्याने पहाटेची शिस्त लावून घेतली तरी बिघाड जागच्या जागीच राहतो. म्हणून आपला दिवस नेमका कुठे बिघडतो आणि कुठे सावरतो हे आधी शोधावे, आणि मगच सवयीला हात घालावा, असा या लेखाचा क्रम आहे. या सगळ्याला साधारण तीन महिने द्यावे लागतात. रोजचा वेळ मात्र फार लागत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

आपण आनंदी आहोत का, या प्रश्नाची दोन उत्तरे असू शकतात. दिवसभरातले तास कसे गेले, हे एक. आणि क्षणभर थांबून एकूण आयुष्याकडे पाहिले तर ते कसे चालले आहे असे वाटते, हे दुसरे. ही दोन उत्तरे जुळतीलच असे नाही. तान्ह्या मुलाचे किंवा आजारी माणसाचे करण्यात ज्याचे दिवस जातात तो दिवसभर थकलेला आणि वैतागलेला असू शकतो, आणि तरीही आपण योग्य तेच करत आहोत याचे त्याला समाधान असते. उलट ज्याचे दिवस हसतखेळत जातात त्याला एखाद्या रात्री 'हे सगळे कशासाठी?' हा प्रश्न छळू शकतो. आपल्याकडे कमी काय आहे, बरे तास की एकूण समाधान, याचे ढोबळ उत्तर पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट माणसाच्या सरावण्याची. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेले २२ जण, अपघातात शरीराची हालचाल गमावलेले २९ जण आणि तुलनेसाठी २२ सर्वसाधारण माणसे होती. लॉटरी जिंकलेले इतरांहून फारसे आनंदी आढळले नाहीत, शिवाय मित्राशी गप्पा मारणे किंवा एखादा विनोद ऐकणे अशा साध्या गोष्टींतला त्यांचा रस कमी झालेला दिसला. अपघातग्रस्त मंडळी इतरांपेक्षा कमी आनंदी होती खरी, पण बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल तितकी दुःखी नव्हती. अभ्यास लहान आहे आणि त्यावरून 'परिस्थितीने काहीच फरक पडत नाही' असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे ठरेल. दीर्घ बेकारी किंवा सततची वेदना यांची माणसाला सहजासहजी सवय होत नाही. मात्र नवे घर, नवी गाडी, नवे पद यांची नवलाई ओसरते, हे अनुभवाने सगळ्यांनाच ठाऊक आहे.

गंमत अशी की ठाऊक असूनही पुढच्या वेळी आपण तोच अंदाज पुन्हा करतो. डॅनिअल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना कायम नेमणुकीविषयी विचारले. ज्यांचा निर्णय व्हायचा होता त्यांना वाटत होते की नेमणूक मिळाली तर आपण पुढची काही वर्षे बरेच अधिक आनंदी असू. ज्यांचा निर्णय पूर्वीच झालेला होता त्यांच्यात, नेमणूक मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत, तेवढा फरक आढळलाच नाही. तेव्हा 'अमुक झाले की मी सुखी होईन' हे वाक्य मनात आले की त्याला पुरावा मानू नये.

आणि एक सावधगिरी. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले की आनंदाला फार महत्त्व द्यायला लावलेल्या व्यक्तींना आनंदाच्या प्रसंगीच उलट कमी आनंद वाटला. अपेक्षा वाढली की हाती आलेले थिटे वाटू लागते. म्हणून खाली सांगितलेली नोंद ठरावीक मुदतीपुरतीच करावी आणि नंतर वही मिटून ठेवावी. जन्मभर स्वतःची नाडी धरून बसणाऱ्याला बरे वाटणे कठीणच.

पहिली पायरी: चौदा दिवसांची नोंद

स्वतःला ओळखायचे म्हणजे डोळे मिटून आत डोकावायचे, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी १९७७ मध्ये एक प्रयोग नोंदवला. लोकांसमोर पायमोज्यांचे चार जोड एका ओळीत मांडून त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितले. चारही जोड अगदी एकसारखे होते. सर्वांत उजवीकडचा जोड सर्वांत जास्त वेळा निवडला गेला. पण कारण विचारल्यावर कोणीही मांडणीचा उल्लेख केला नाही, प्रत्येकाने वीण, पोत किंवा दर्जा अशी पटण्याजोगी कारणे दिली. आपण का वागलो आणि आपल्याला काय आवडते, याविषयी आपण स्वतःला जे सांगतो त्यातला बराच भाग असा नंतर रचलेला असतो. त्यावर उतारा म्हणजे घडले ते घडल्याबरोबर, निदान त्याच दिवशी, लिहून ठेवणे.

याची एक तपासलेली पद्धत आहे. डॅनिअल कानेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस लहान लहान प्रसंगांत विभागून प्रत्येक प्रसंगात काय केले, कोणाबरोबर होते आणि कसे वाटले हे लिहायला सांगितले. माणसांच्या सहवासातला वेळ वरच्या क्रमांकावर आला, आणि कामावर जाण्यायेण्याचा प्रवास अगदी तळाशी. तीच पद्धत सोपी करून घरी वापरता येते.

एक साधी वही घ्यावी. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचे आठ ते बारा तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यासमोर वेळ, काम, सोबत आणि शून्य ते दहापैकी एक आकडा लिहावा. शून्य म्हणजे हे कधी संपेल असे झाले होते. दहा म्हणजे संपूच नये असे वाटत होते. जिथे आकडा अचानक बदलला असेल तिथे एका ओळीत काय झाले ते लिहावे. अमुक वाटायला हवे होते म्हणून आकडा वाढवू नये. नमुन्यादाखल एका काल्पनिक कर्मचाऱ्याचे पान असे असेल:

७ ते ८ – आवराआवर, मध्येमध्ये मोबाईलवर बातम्या – एकटा – ४
८ ते ९ – प्रवास, उभ्याने – एकटा – ३
९.३० ते ११ – हिशेब जुळवणे, कोणी मध्ये आले नाही – एकटा – ७
११ ते १२.३० – बैठक – सगळे – २ – मुद्दा मांडायचा होता, राहिला
१ ते १.४५ – जेवण – दोन सहकारी – ७
२ ते ५.३० – फोन, तक्रारी, अर्धवट राहिलेले काम – ३
७ ते ८ – घरी, मोबाईल – एकटा – ४
८ ते ९ – मुलीचा अभ्यास – मुलगी – ५, मग ८ – तिला गणित सुटले
१० ते १२ – मोबाईल – एकटा – ३ – झोप येत होती तरी चालूच

या माणसाला विचारले असते तर त्याने 'नोकरीला कंटाळलो आहे' असे सांगितले असते, आणि ते त्याचे प्रामाणिक मत असते. पान वेगळे सांगते. सलग आणि शांतपणे करायच्या कामात त्याला चक्क बरे वाटते. आकडा पडतो तो बैठकीत तोंड उघडता न आल्यामुळे आणि दुपारी काम तुकड्यातुकड्यांनी करावे लागल्यामुळे. नोकरी बदलून तो तसल्याच बैठकांच्या दुसऱ्या कार्यालयात गेला असता तर पहिले काही आठवडे सोडता काहीच बदलले नसते. रात्री दहा ते बाराचा तुकडा तर त्याने 'विश्रांती' या सदरात धरला होता.

चौदा दिवस पुरेसे आहेत, कारण त्यांत दोन सुट्ट्या येतात. सण, आजारपण किंवा मोठा प्रवास असलेले आठवडे निवडू नयेत. एखादा दिवस राहिला तर मागाहून आठवून भरू नये. ते पान कोरेच ठेवावे.

दुसरी पायरी: वही वाचणे

पंधराव्या दिवशी एक निवांत तास काढून सर्वांत वरचे दहा आणि सर्वांत खालचे दहा तुकडे वेगवेगळ्या पानांवर उतरवून घ्यावेत. मग प्रत्येक यादीत समान काय आहे ते पाहावे: माणसे, वेळ, आदल्या रात्रीची झोप, कामाचा प्रकार, काम स्वतः निवडलेले होते की अंगावर आले होते. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणसाला तीन गोष्टी मूलतः लागतात: आपल्या वागण्यात आपली मर्जी चालणे, आपल्याला काही जमते आहे असा अनुभव येणे आणि कोणाशी तरी जवळीक असणे. खालच्या दहा तुकड्यांसमोर या तिन्हींपैकी काय हरवले होते ते लिहिले की चित्र बऱ्यापैकी उघडे पडते. वरच्या नमुन्यातल्या बैठकीत मर्जी आणि जमणे या दोन्ही गोष्टी हरवल्या होत्या. मुलीच्या गणितात तिन्ही एकदम सापडल्या.

वाचताना 'मी असा का आहे?' हा प्रश्न शक्यतो टाळावा. तो खोल वाटतो, पण त्याचे उत्तर वर सांगितल्याप्रमाणे बहुधा रचलेलेच मिळते, आणि रात्री अकरानंतर विचारला तर ते उत्तर हमखास स्वतःच्या विरोधातले असते. त्याऐवजी 'काय घडले की माझा आकडा पडतो?', 'कोण असले की तो चढतो?' असे प्रश्न विचारावेत, कारण त्यांची उत्तरे वहीत शोधता येतात. आपल्याला चांगले ओळखणाऱ्या एका व्यक्तीला 'मी कधी खुललेला दिसतो आणि कधी मिटलेला?' एवढेच विचारून ते उत्तर वहीशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाही तर वाद घालू नये. समोरच्याला जे दिसते ते आपल्याला दिसत नसते, आणि तीही माहितीच आहे.

तिसरी पायरी: आधी वजाबाकी

नवे काही सुरू करण्याआधी खालच्या दहांतली एक गोष्ट कमी करावी. नव्या सवयीसाठी वेळ आणि उमेद दोन्ही लागतात, आणि ती वजाबाकीतूनच मिळतात. बहुतेकांच्या वहीत मोबाईलचा एखादा तुकडा असा सापडतोच, जो आकड्याने तीन किंवा चार असूनही रोज दीड तास खातो. तो शपथ घेऊन सुटत नाही. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर ठेवल्याने बराचसा सुटतो. ज्या गोष्टी टाळता येत नाहीत त्यांचा आकार बदलता येतो: प्रवासाची वेळ अर्ध्या तासाने हलवणे, बैठकीत मांडायचा मुद्दा आदल्या दिवशीच लेखी पाठवणे, त्रासदायक नातेवाइकाचा फोन एकाच ठरलेल्या वारी घेणे.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० व्यक्तींना दिवसातून केव्हाही फोनवर विचारून केलेल्या अभ्यासात जागेपणीच्या ४६.९ टक्के नमुन्यांत लोकांचे मन हातातल्या कामावर नव्हते, आणि मन भरकटलेले असताना ते कमी आनंदी होते. मन सुखद विषयाकडे भरकटले तरी त्याचा वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा एका वेळी एकच काम, हा जुनाच उपदेश इथे वजाबाकी म्हणून लागू पडतो.

शरीराचा वाटा

याविषयी लांबण लावण्याची गरज नाही. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते, आणि भरभर चालणे त्यात मोजले जाते. वहीतल्या ज्या दिवसांचे सगळेच आकडे खाली आहेत त्यांच्या आदल्या रात्रीची झोप तपासावी. पाच तास झोपून स्वभावाचे विश्लेषण करत बसण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: एकच सवय, पण नीट लावलेली

आता वरच्या दहांतली एक गोष्ट निवडून ती वाढवावी किंवा नेमाची करावी. एकच. दोन सवयी एकत्र लावल्या आणि एक मोडली की दुसरीही तिच्यामागे जाते.

सवयीसाठी २१ दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या ९६ जणांवरील अभ्यासात कृती आपोआप होऊ लागण्याचा मध्यम कालावधी ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक व कृतीगणिक तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. सवयी मोडतात त्या बहुधा चुकलेल्या दिवसामुळे नव्हे. 'आता काय, मोडलीच' या चुकलेल्या दिवसानंतरच्या विचाराने मोडतात.

सवय लावताना वेळेपेक्षा आधीच्या कृतीला ती जोडावी. पीटर गॉलविट्झर यांनी 'अमुक झाले की मी तमुक करीन' अशा स्वरूपाच्या संकल्पांचा अभ्यास केला. २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा असे संकल्प मोघम निश्चयांपेक्षा बरेच अधिक तडीस गेल्याचे दिसले. 'रोज चालायला जाईन' हा निश्चय झाला. 'संध्याकाळी घरी आल्यावर पिशवी ठेवली की चपला न काढता दहा मिनिटे चालून येईन' हा संकल्प झाला. त्यात जागा आहे, खूण आहे आणि मुदत इतकी लहान आहे की कारण सांगायला लाज वाटावी. पहिले तीन आठवडे ही मुदत वाढवू नये, उत्साह असला तरीही. कंटाळ्याच्या दिवशीही जमेल एवढीच सवय तग धरते.

ज्यांनी पहिल्या दिवशी 'बरे तास आहेत, पण समाधान नाही' असे लिहिले होते, त्यांनी सवय निवडताना सुखद गोष्टीपेक्षा थोडी अवघड गोष्ट निवडावी: एखादे वाद्य, एखादी भाषा, कोणाला तरी नियमित शिकवणे. अशा कामात करतानाचा आकडा सुरुवातीला पाचच्या आसपासच राहतो. जे जमू लागते त्याचे समाधान उशिरा येते, पण नव्या वस्तूच्या नवलाईसारखे ते लगेच विरत नाही, कारण त्यात पुढची पायरी कायम शिल्लक असते.

पाचवी पायरी: माणसे

हार्वर्ड विद्यापीठातला एक अभ्यास १९३८ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. विद्यापीठातले २६८ विद्यार्थी आणि बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुले अशा दोन गटांचे आयुष्य संशोधकांच्या एकामागून एक पिढ्यांनी नोंदवले. सध्याचे संचालक रॉबर्ट वॉल्डिंगर त्यातून निघालेली मुख्य गोष्ट सांगतात ती अशी की म्हातारपणी कोण सुखी आणि निरोगी राहतो, हे ओळखण्यासाठी त्याची जवळची नाती कशी आहेत ते पाहावे. यावरून लोक चटकन 'ओळखी वाढवाव्यात' असा निष्कर्ष काढतात. तो घाईचा आहे. तिथे मुद्दा संख्येचा नाही, अडीअडचणीला ज्याच्यावर विसंबता येईल असे कोणी आहे का, याचा आहे.

म्हणून आहेत त्या नात्यांची निगा आधी. वहीत ज्यांच्या सहवासात आकडा सातच्या वर गेला अशी दोन-तीन नावे सापडतील. त्यांना आपण महिन्यातून किती वेळ भेटतो, हे पाहिले तर बहुतेकांना धक्का बसतो. जी माणसे सर्वांत आवडतात त्यांच्याच वाट्याला आपला उरलासुरला वेळ येतो, कारण ती समजून घेतात. या भेटींना तारीख द्यावी. 'एकदा भेटू या' असे म्हणून वर्षे जातात. 'महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी' असे ठरले की त्यातल्या निम्म्या तरी भेटी होतात.

दुसरी गोष्ट वरवर क्षुल्लक आहे, पण माझ्या मते या लेखातली सर्वांत फलदायी. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांच्या संशोधनाचा विषय असा आहे की जवळच्या माणसाने चांगली बातमी सांगितली की आपण काय करतो. संकटात धावून जाणे सगळे महत्त्वाचे मानतात. आनंदाच्या वेळच्या प्रतिसादाकडे कोणाचे लक्ष नसते. समजा, बायको घरी येऊन म्हणाली, "आज साहेबांनी माझ्या अहवालाचं सगळ्यांसमोर कौतुक केलं." यावर चार प्रकारची उत्तरे संभवतात. "अरे वा, छान," असे म्हणून नवरा पुन्हा मोबाईलमध्ये डोके घालतो. किंवा, "आता बघ, पुढचे सगळे अहवाल तुझ्याच गळ्यात पडतील." किंवा, "बरं, ते लाईटबिल भरलंस का?" किंवा तो मोबाईल खाली ठेवून विचारतो, "हो? काय म्हणाले नेमकं? कोण कोण होतं तिथे? तू काय म्हणालीस मग?"

पहिली तिन्ही उत्तरे देणारा माणूस दुष्ट नाही. दुसरे उत्तर तर काळजीपोटीच येते. पण गेबल यांच्या अभ्यासांत चौथ्या प्रकारचा, म्हणजे उत्सुक आणि सहभागी प्रतिसाद मिळणाऱ्या जोडप्यांचे नाते अधिक समाधानाचे आढळले. उरलेले तिन्ही प्रकार, त्यांत पहिला थंड होकारही, नात्याला पोषक ठरले नाहीत. सवय म्हणून हे आचरणात आणणे सोपे आहे: कोणी चांगली बातमी सांगितली की आपले मत देण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. घरात, मुलांशी, सहकाऱ्यांशी, कोठेही. काही दिवसांत समोरची माणसे आपल्याला अधिक गोष्टी सांगू लागतात, आणि आपल्या वहीतले 'सोबत' या रकान्यातले आकडे त्यांच्याबरोबर चढतात.

अनोळखी माणसांशी बोलणेही वाटते त्यापेक्षा बरे जाते. निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी शिकागोतल्या प्रवाशांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, शेजारच्याशी बोलायला सांगितलेल्यांचा प्रवास गप्प बसलेल्यांपेक्षा सुखाचा झाला, जरी बहुतेकांचा आधीचा अंदाज नेमका उलटा होता. ज्याला गर्दीत शांतता हवी आहे त्याने याचे ओझे घेऊ नये. एखाद्या वेळी करून पाहावे, एवढेच.

कृतज्ञता आणि मदत यांची मात्रा

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ मध्ये दाखवले की आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटणाऱ्या पाचपर्यंत गोष्टी लिहिणाऱ्यांना आपल्या आयुष्याविषयी अधिक बरे वाटू लागले. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज 'आरोग्य, घर, कुटुंब' असे तीन शब्द खरडले की त्याचा पाढा होतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, एकाच घडलेल्या गोष्टीविषयी तपशीलवार लिहावे: कोणी, काय, त्यामुळे आपले काय वाचले. मदतीचेही तसेच. पाच लहान मदती आठवडाभर विखुरण्यापेक्षा एकाच दिवशी करणाऱ्यांना त्याच संशोधनात अधिक लाभ झाला, बहुधा विखुरलेल्या मदती नेहमीच्या वागण्यात विरून जात असल्यामुळे.

वाईट दिवसांसाठी

कितीही चांगल्या सवयी लावल्या तरी राग, मत्सर, शोक यांना रजा मिळत नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये. भावना उसळली की तिचे नेमके नाव घ्यावे. 'मूड गेला' हे नाव नव्हे. 'मला डावलले गेल्याचा अपमान वाटतो आहे' हे नाव. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवले की भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची सक्रियता कमी होते. जुना सल असेल तर जेम्स पेनबेकर यांची पद्धत वापरून पाहावी: सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, त्या प्रसंगाविषयी आणि त्यातल्या भावनांविषयी न थांबता लिहायचे, शुद्धलेखनाची पर्वा करायची नाही, कोणाला दाखवायचे नाही. त्यांच्या १९८६ च्या प्रयोगात लिहिणाऱ्यांना लगेच बरे वाटले नाही, उलट मन जडच झाले. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. ताज्या आघाताच्या दिवसांत हे करू नये. घाव थोडा भरू द्यावा.

उदासी किंवा कशातच रस न वाटणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकले, झोप-भूक बिघडली, किंवा जगणे नकोसे वाटण्याचे विचार येऊ लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. तिथे सवयी औषधाच्या सोबतीने कामाला येतात, औषधाच्या बदल्यात नाही. जिवाला धोका वाटत असेल तर वेळ पाहू नये, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगून तातडीची मदत घ्यावी.

तीन महिन्यांनंतर

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एकच आठवडा पुन्हा नोंद करावी आणि ती पहिल्या चौदा पानांशेजारी ठेवून पाहावी. आठवणीवर विसंबू नये. तीन महिन्यांपूर्वी आपल्याला कसे वाटत होते हे आपण आजच्या मनःस्थितीवरून ठरवतो. लावलेली सवय आपोआप होत असेल आणि तिच्या तुकड्याचा आकडा चांगला असेल तर तिला हात लावू नये, फक्त तिच्यात अधूनमधून बदल करावा: चालण्याचा रस्ता, भेटीची जागा, लिहिण्याचा विषय. बदल राहिला की नवलाई हळू ओसरते. सवय जमली, पण आकडा जागचा हलला नाही, तर ती सोडून वरच्या दहांतली दुसरी गोष्ट घ्यावी, मग ती सवय जगभर कितीही नावाजलेली असो. ध्यानाने ज्याला अस्वस्थ वाटते त्याने बागकाम करावे.

काही वेळा सगळे करूनही तोच तुकडा तळाशी राहतो: तीच नोकरी, तेच घरातले भांडण. तेव्हा बदलायला हवी ती सवय नसून परिस्थिती असते, आणि ते मान्य करायला वही मदत करते. असा मोठा निर्णय घेताना सर्वोत्तम पर्यायाच्या मागे न लागता 'पुरेसा चांगला' कशाला म्हणायचे हे आधी ठरवावे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरी शोधताना सर्वोत्तमच हवे असा हट्ट धरणाऱ्यांना सुमारे २० टक्के अधिक पगार मिळाला, पण मिळालेल्या नोकरीत ते इतरांपेक्षा कमी समाधानी होते. नव्या नोकरीसाठी निकष लिहायचे झाले तर ते वहीतूनच घ्यावेत: सकाळी सलग दोन तास शांतपणे काम करता येईल का, बैठकीत बोलायला मिळेल का, येण्याजाण्यात किती वेळ जाईल, शेजारी बसणारी माणसे कशी आहेत. मुलाखतीच्या शेवटी 'काही विचारायचे आहे का?' असे म्हटले जाते, तेव्हा यांतले पहिले दोन प्रश्न तिथेच विचारता येतात.